राउटर, कॅमेऱ्यात नको ते सॉफ्टवेअर कशाला? युरोपच्या कायद्यामुळे कंपन्यांना काय करावं लागणार?

घरातला वायफाय राउटर, दारावरचा सीसीटीव्ही, स्मार्ट टीव्ही. या प्रत्येकाच्या आत एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्यातल्या बऱ्याच उपकरणांवर लिनक्स चालतं. त्यात नेमकं काय काय भरलंय, याचा हिशोब आता कंपन्यांना ठेवावा लागणार आहे. किमान युरोपात तरी.

युरोपियन युनियनचा 'सायबर रेझिलिअन्स अ‍ॅक्ट' १० डिसेंबर २०२४ला अमलात आला. हल्लेखोर वापरत असलेल्या त्रुटी कळवण्याची सक्ती ११ सप्टेंबर २०२६पासून आणि बहुतांश नियम ११ डिसेंबर २०२७पासून, असं वेळापत्रक आहे. सुरक्षेच्या मूळ अटी मोडल्या, तर दीड कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या २.५ टक्के, यातली जास्त असेल ती रक्कम दंड म्हणून लागू शकते.

याची गरज का पडली?

२०१६मध्ये 'मिराय' नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. पद्धत साधी होती. उपकरणात टेलनेट ही दूरून लॉगिन करण्याची जुनी सेवा चालू होती आणि पासवर्ड कंपनीनेच दिलेला होता. मिरायने असे ६०हून अधिक ठरावीक पासवर्ड वापरून पाहिले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांच्या फौजेने 'डिन' कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेकांसाठी बंद पडल्या.

कॅमेरा विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना टेलनेट लागतच नव्हतं. मग ते आत होतं कशाला?

पॅकेज वेगळं करणं म्हणजे काय?

सॉफ्टवेअर तयार होतं तेव्हा फक्त चालणारा प्रोग्राम बाहेर पडत नाही. डेव्हलपरला लागणाऱ्या फाइल्स, चुका शोधण्याची माहिती, मदतपुस्तिका, भाषांतरं असं बरंच काही सोबत येतं. 'योक्टो' या उपकरणांसाठी लिनक्स बनवणाऱ्या प्रकल्पात या सगळ्याची वेगवेगळी पॅकेजेस केली जातात. मळणीनंतर दाणा आणि भुसा वेगळा करावा, तसंच. भुसाही फेकत नाहीत. चुका शोधण्याचं पॅकेज कंपनी स्वतःकडे ठेवते, उपकरणात फक्त दाणा जातो. एखादी फाइल कुठल्याच पॅकेजमध्ये बसली नाही, तर योक्टो तशी सूचनाही देतं.

'ओपनएसएसएच'चं उदाहरण घ्या. योक्टोमध्ये त्याचा क्लायंट, सर्व्हर, फाइल पाठवणारा भाग आणि किल्ल्या बनवणारा भाग अशी स्वतंत्र पॅकेजेस आहेत. उपकरणाला फक्त बाहेर फाइल पाठवायची असेल, तर सर्व्हर घालायचाच नाही. जे आतच नाही, त्यातून कोणी शिरू शकत नाही.

पण इथे एक मेख आहे

'बिझीबॉक्स' हा लहान उपकरणांचा लाडका प्रोग्राम. त्याच्या एकाच फाइलमध्ये शेकडो कमांड असतात. टेलनेट सर्व्हरही त्यातच असू शकतो. पॅकेज कितीही वेगळी केली तरी एका फाइलचे तुकडे होत नाहीत. ते फीचर बिल्ड करतानाच बंद करावं लागतं. म्हणजे पॅकेजिंग हे अर्धंच काम झालं.

कायदा मात्र दोन्हींना हात घालतो. हल्ल्याच्या वाटा कमीत कमी ठेवा आणि सॉफ्टवेअरमधल्या घटकांची यादी तयार करा, असं तो सांगतो. ही यादी ग्राहकाला दाखवणं बंधनकारक नाही, पण सरकारी यंत्रणा ती मागू शकतात. पॅकेजेस नीट वेगळी असतील तर यादी खरी असते. सगळं एकाच गाठोड्यात असेल, तर नवी त्रुटी सापडल्यावर 'आपल्या कॅमेऱ्यात ती आहे का?' याचं उत्तर कंपनीलाच लवकर सापडत नाही.

आपल्याला काय?

भारतातही सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी ९ एप्रिल २०२५पासून सुरक्षा चाचणीची अट लागू झाली आहे. राउटर किंवा कॅमेरा घेताना आपण मेगापिक्सेल आणि स्पीड विचारतो. आणखी एक प्रश्न विचारा: सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार? युरोपच्या कायद्यात याचं उत्तर साधारण किमान पाच वर्षं असं आहे. तुमच्या दुकानदाराकडे उत्तर नसेल, तर तेही एक उत्तरच समजा.