चिमा काय कामाची

गणपती आले की आमच्या रत्नागिरीच्या घरी दोन वस्तू हमखास बाहेर निघतात. माळ्यावरची मोठी समई आणि कपाटातली पेटी. ही पेटी या सदराच्या वाचकांना परिचयाची आहेच. ट्रेझरीत छत्तीस वर्षे हिशेब तपासले आणि तितकीच वर्षे आळीतल्या भजनाला पेटी धरली, तेव्हा 'अण्णांना गाण्यातलं कळतं' असा घरात एक समज आहे. तो मी कधी खोडून काढला नाही. यंदा तो अंगाशी आला.

पुण्याहून मुलगा, सून आणि नात आली होती. नात लहानपणापासून पियानो शिकते. आता चांगली नोकरी सोडून तेच शिकायला परदेशी जायचे तिने मनात घेतले आहे. मुलाने मला पडवीत गाठून सांगितले, "अण्णा, तुम्हीच तिला चार शब्द सांगा. तुमचं ती ऐकते." मी म्हटले, सांगतो.

रात्री आरती झाल्यावर तिने, सध्या काय बसवते आहे ते मला फोनवर ऐकवले. ऑलिव्हिए मेसियां नावाच्या फ्रेंच संगीतकाराची ही १९४४ सालची रचना. बाल येशूवर वीस तुकडे. सगळे वाजवायला सुमारे दोन तास लागतात. तिने त्यातला पाचवा लावला. वर दोन ओळी एकमेकींना न विचारता चाललेल्या, खाली संथ, जड स्वरांचे ढग. समेचा पत्ता नाही. दोन मिनिटांनी मी म्हणालो, "अगं, पेटीवरून मांजर चालत गेलं तर असंच वाजेल!"

सगळे हसले. ती हसली नाही. फोन मिटून मुकाट्याने उद्याच्या दुर्वा निवडायला बसली.

मला झोप लागेना. बाहेर पागोळ्या वाजत होत्या. या पोरीने पहिला सा माझ्या मांडीवर बसून, याच पेटीवर काढला होता. सकाळी चहाचा कप घेऊन तिच्यापुढे गेलो आणि म्हटले, "मांजर राहू दे. मला हे मोजायला शिकव."

"आजोबा, मोजायचं तर तुमच्याच शार्ङ्गदेवाला विचारा," ती म्हणाली. राग गेला नव्हता.

शार्ङ्गदेव! तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्या दौलताबादेला, यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेला हा पंडित. घराणे मूळचे काश्मीरचे. पेशाने दरबारचा हिशेबनीस, म्हणजे थेट आमच्याच खात्यातला माणूस! त्याच्या 'संगीतरत्नाकरा'तल्या पाचव्या अध्यायात एकशेवीस देशी ताल दिलेले आहेत. त्यांचा तक्ता लाविन्याक यांच्या फ्रेंच संगीतकोशात छापला गेला आणि तो तरुण मेसियांच्या हाती पडला. पॅरिसच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हा भाविक कॅथलिक त्या तालांनी वेडा झाला. आम्ही तो ग्रंथ पूज्य म्हणून फडताळात ठेवला. मी स्वतः त्यातला एकही ताल नाव घेऊन वाजवलेला नाही.

तिने एक सोपा ताल सांगितला, ढेंकी. गुरू, लघू, गुरू. दोन, एक, दोन. उलटा वाजवा, तोच! मेसियांला असल्या, दोन्हीकडून सारख्या लयींचे फार कौतुक. मी म्हटले, "म्हणजे 'चिमा काय कामाची'!" तेव्हा कुठे ती हसली.

मग खरा अभ्यास सुरू झाला. त्या पाचव्या तुकड्यात रागवर्धन, चंद्रकला आणि लक्ष्मीश हे तीन ताल एकापुढे एक गुंफले आहेत. वरची ओळ ते म्हणते आणि दुसरी ओळ तेच, पण प्रत्येक मात्रा दीडपट लांबवून. आपली दीडीच की! एकीची तीन आवर्तने होतात तेव्हा दुसरीची दोन. दीडी माझ्या हाताला ठाऊक आहे, पण तिथे ठेका आधाराला असतो. इथे ठेकाच वाकडातिकडा. ती पेटीवर एक ओळ वाजवी, मी पाटावर दुसरी धरी आणि तिसऱ्या झटक्याला घसरे. सूनबाई दोनदा डोकावून गेली.

हे तीन ताल मेसियांने आधीही असेच गुंफले होते, १९४० साली जर्मनांच्या हाती युद्धकैदी म्हणून सापडल्यावर. गॉर्लित्सच्या छावणीत, जानेवारी १९४१ च्या थंडीत, त्याने तिघा सोबत्यांबरोबर आपली चौकडी कैद्यांपुढे वाजवली. पियानोवर तो स्वतः होता. देवगिरीचा हिशेब तिथे, काटेरी तारांच्या आत, वाजला. हे ऐकले आणि मांजराची मला भारी लाज वाटली.

सगळे आवडले असे खोटे लिहीत नाही. सहावा तुकडा मला अजून नुसता गडगडाट वाटतो. पण पाचव्यात मध्येच पाखरे बोलू लागतात, तेव्हा आमच्या परसातला दयाळच माडावरून उत्तर देतो आहे असे वाटून मी पाट वाजवायचा थांबतो आणि नात ओरडते.

गौरी गेल्या, मुलगा-सून पुण्याला परतली. नात चार दिवस मागे राहिली. तिसऱ्या रात्री मुलाचा फोन आला, "अण्णा, बोललात का तिच्याशी?"

मी म्हटले, "अरे, कुठचं! अजून दुसऱ्या ओळीतच अडकलोय. तिसरी बाकी आहे."