शेतावरील पाहुणे व जमिनीचे निर्बंध

पनवेल तालुक्याच्या जमिनीकडे मुंबईकरांची दृष्टि वळून आतां बराच काळ लोटला. पावसाळा लागला कीं कर्नाळा, गाढेश्वर व प्रबळगड यांच्या वाटा माणसांनीं फुलून जातात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबईच्या विमानतळाचें उद्घाटन झालें. तेव्हां हा ओघ वाढणार, हें सांगण्यास ज्योतिषी नको. या पाहुण्यांचे चार पैसे शेतकऱ्याच्या पदरीं पडणार, कीं त्याची जमीन विकत घेणाऱ्याच्या, एवढाच प्रश्न आहे.

वरवर पाहतां सरकारचें धोरण शेतकऱ्यास अनुकूल दिसतें. २०२० सालीं महाराष्ट्र शासनानें कृषि पर्यटन धोरण जाहीर केलें. त्याप्रमाणें किमान एक एकर जमीन असलेल्या शेतकऱ्यास पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करतां येते. परंतु नोंदणीचा दाखला म्हणजे प्रत्येक बांधकामाची परवानगी नव्हे, हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाचें कलम ४१ शेतघराची मुभा देतें खरें. पण कायद्यांतील शेतघर म्हणजे अवजारें, चारा, धान्य, गुरें आणि शेतकऱ्याचें कुटुंब व चाकरमाणसें यांच्यासाठीं बांधलेलें घर. भाडें देणाऱ्या पाहुण्याचा तेथें उल्लेख नाहीं. शिवाय १० जानेवारी २०१३ पासून तालुक्यांतील पुष्कळ गांवें ‘नैना’ क्षेत्रांत गेलीं व तेथें सिडकोची मंजुरी आली. माथेरानच्या पायथ्याचीं कांहीं गांवें ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेनें संवेदनक्षम क्षेत्रांत मोडतात. ज्यांच्या सातबाऱ्यावर १९७५ च्या खाजगी वने कायद्याचा शेरा आहे, त्यांची गोष्ट तर निराळीच. केवळ जुनी नोटीस निघाली म्हणून जमीन वन ठरत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा ३० जानेवारी २०१४ चा निर्णय आहे. पण निर्णय दिल्लीस झाला म्हणून गांवच्या दप्तरांतील शेरा आपोआप पुसला जात नाहीं.

हे सर्व निर्बंध निरुपयोगी आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. माथेरानचे डोंगर उघडे पडले तर त्यांतून उतरणारी गाढी नदी पनवेलकरांस स्वस्थ बसूं देणार नाहीं. डोंगरउताराची माती किती विश्वासाची, हें १९ जुलै २०२३ च्या रात्रीं शेजारच्या खालापूर तालुक्यांतील इरशाळवाडीनें दाखविलें. तेथें पर्यटनाचा दोष नव्हता; तथापि उतार कापून खोल्या बांधूं पाहणारांनीं तें विसरूं नये.

आमची तक्रार इतकीच कीं, कायदा कुणबी व बंगलेवाला यांत भेद करीत नाहीं. एकजण दोन एकर भात व आंब्याची बाग राखून कौलारू दोन खोल्या पाहुण्यांस देतो. दुसरा वर्षानुवर्षें नांगर न लावलेल्या जमिनीवर पोहण्याचा तलाव बांधून त्यासही शेतघरच म्हणतो. दुसऱ्याजवळ वकील असतो. पहिल्याच्या हातीं कलम ४५ ची नोटीस येते.

यावर उपाय सरकारच्या दप्तरांतच आहे. गांव नमुना बारा हा पिकांचाच नमुना असून २०२१ पासून ई-पीक पाहणीनें शेतकरी स्वतः पीक नोंदवितो. ज्या जमिनीवर लागोपाठ तीन वर्षें खरोखर पीक दिसेल, त्या खातेदारास ठराविक खोल्या, तळमजला व मैल्याच्या खड्ड्याची सोय एवढ्या अटींवर एकाच अर्जानें परवानगी द्यावी. इतर खात्यांचे अभिप्राय तहसीलदारांनीं मुदतींत मागवावे. पीक थांबलें कीं परवानगीही थांबावी. अशा सवलतीचा गैरवापर होईल, असा आक्षेप निघेल. परंतु गैरवापर आजही होतच आहे. आणि मोघम नियमाचा लाभ नेहमीं बलिष्ठासच मिळतो.

वनाविषयींही हेंच लागू आहे. वनसंरक्षण कायद्यांत २०२३ सालीं झालेल्या दुरुस्तीनें वनखात्याच्या कार्य आयोजनेंतील निसर्गपर्यटनाच्या सोईंस वनेतर वापरांतून वगळलें. मग प्रबळमाचीवर गडकऱ्यांस भाकर-पाणी देणाऱ्या आदिवासी कुटुंबांचा अशा सोईंत पहिला हक्क असावा, ठेकेदाराचा त्यानंतर.

वाचकांस आमची सूचना अशी कीं, पाया खणण्यापूर्वीं सातबाऱ्यावरील भोगवटादार वर्ग व इतर हक्कांचा रकाना वाचावा, नियोजन प्राधिकरणाकडून जमिनीच्या विभागाचा दाखला घ्यावा आणि पीक पाहणी एकही हंगाम चुकवूं नये. दलालाच्या आंकड्यास भुलून जमीन देणारा शेतकरी पुढें त्याच जमिनीवर रखवालदार म्हणून उभा राहिलेला आपण पाहिला आहे. तो प्रसंग टाळावयाचा असेल तर प्रत्येक गांवानें येत्या ग्रामसभेंत वरील मागणीचा ठराव करून तो तहसील कचेरीकडे पाठवावा.