‘वयाच्या मानाने ठीक आहे’

नोव्हेंबर महिना उजाडला की लखनौतील बँकांच्या शाखांमधून निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला देण्यासाठी आलेल्या या ज्येष्ठ मंडळींत कोणी रेल्वेतून निवृत्त झालेले असतात, कोणी शिक्षण खात्यातून, कोणी सचिवालयातून. बदलीच्या निमित्ताने येऊन गोमतीकाठीच स्थिरावलेली काही मराठी मंडळीही त्यांत असतात. २०१४ पासून हा दाखला डिजिटल पद्धतीने घरबसल्या देण्याची सोय झाली आहे. तरीही शाखेत येऊन चार ओळखीचे चेहरे पाहण्याची ओढ अनेकांना सुटत नाही. बाकावर बसल्यावर गप्पांचा ओघ साहजिकच प्रकृतीकडे वळतो आणि त्यात रक्तदाबाचा आकडा निघाल्यावाचून राहत नाही. ‘एकशे साठ आहे; पण साठी उलटली की एवढा असायचाच. शंभर अधिक वय, असा सरळ हिशेब आहे,’ असे कोणीतरी म्हणतो आणि शेजारचे माना डोलावतात.

ज्या शहरात १९११ सालापासून वैद्यकीय शिक्षणाची मोठी संस्था आहे, जेथे १९५१ साली छत्तर मंजिलच्या वास्तूत केंद्रीय औषध संशोधन संस्था सुरू झाली, तेथेही हा हिशेब इतक्या बिनघोरपणे चालावा, हे नवल आहे. अर्थात दोष केवळ लखनौचा नव्हे. पुण्याच्या बागेतील बाकावर किंवा नागपूरच्या एखाद्या ओसरीवरही हेच ऐकू येते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा ठोकताळा आता खाते बंद करून निकालात काढला पाहिजे.

या समजुतीमागे वाणिज्यातील घसाऱ्याची कल्पना दडलेली आहे. यंत्र वापरा अथवा न वापरा, दरवर्षी ठरावीक दराने त्याची किंमत कमी लिहायची; तसेच शरीराचे, असे मानले जाते. वयाबरोबर दाब वाढतो हे निरीक्षण खोटे नाही. अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम या गावात १९४८ पासून चाललेल्या पाहणीने ते पुरेसे सिद्ध केले आहे. पंचावन्न ते पासष्ट या वयापर्यंत ज्यांना उच्च रक्तदाब नव्हता, अशांपैकीही दहांत नऊ जणांना उर्वरित आयुष्यात तो गाठण्याची शक्यता असते, असा निष्कर्ष त्याच पाहणीतून २००२ साली निघाला. परंतु बहुतेकांना होते म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाही. दातांची कीडही बहुतेकांना होते.

वयाचा परिणाम दोन्ही आकड्यांवर सारखा होत नाही, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे. हृदय आकुंचन पावताना धमन्यांवर येणारा दाब म्हणजे वरचा आकडा आणि दोन ठोक्यांच्या मधल्या विश्रांतीत उरणारा दाब म्हणजे खालचा. वरचा आकडा प्रौढ वयात चढतच राहतो. खालचा साधारणतः पन्नाशी-पंचावन्नपर्यंत चढतो आणि मग उतरू लागतो. त्यामुळे सत्तरीच्या गृहस्थांचा दाब १६०/७० भरला की घरची मंडळी ‘खालचा तर उत्तम आहे’ म्हणून निश्चिंत होतात. वस्तुतः तो उत्तम नसतो. तरुणपणी महाधमनी रबरी नळीसारखी ताणली जाऊन हृदयाचा प्रत्येक धक्का पचवते आणि मग हळूच आकसून दाब टिकवून धरते. वाढत्या वयात तिच्यातील लवचीक तंतू झिजतात व ती ताठर होते. मग धक्का पचत नाही, म्हणून वरचा आकडा उंचावतो. आणि विश्रांतीच्या क्षणी दाब टिकत नाही, म्हणून खालचा घसरतो. दोहोंमधील रुंदावलेले अंतर ही धमनीच्या ताठरपणाची खूण होय. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. तरुणपणी त्यांचा दाब पुरुषांपेक्षा कमी असतो. रजोनिवृत्तीनंतर मात्र तो झपाट्याने पुरुषांची बरोबरी करू लागतो. ‘मला कधी दाब नव्हता’ हे पंचेचाळिशीतील गृहिणीचे वाक्य साठाव्या वर्षी उपयोगाचे राहत नाही.

‘वयाच्या मानाने ठीक’ या शब्दांची किंमत किती मोठी असू शकते, याचे उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा दाब १९३७ साली १६२/९८ होता. १९४१ मध्ये तो १८८/१०५ झाला. त्यांच्या वैद्यांनी हे त्या वयाला साजेसेच मानले. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन वयाच्या ६३ व्या वर्षी ते गेले, तेव्हा दाब ३००/१९० होता. त्या काळी प्रभावी औषधे नव्हती, आणि अरुंद झालेल्या धमन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी वाढलेला दाब आवश्यकच असतो, अशीही कित्येक डॉक्टरांची धारणा होती. त्या वैद्यांना आज कठोर बोल लावणे योग्य ठरणार नाही. पुढे १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण जगापुढे मांडला आणि औषधांचे दार किलकिले झाले. आज ते सताड उघडे आहे. असे असूनही बाकावरचा हिशेब १९३७ सालचाच राहिला आहे.

दाबाचा हा चढ अटळ असता, तर तो सर्व मानवजातीत दिसला असता. ॲमेझॉनच्या अरण्यातील यानोमामी लोकांत तो दिसत नाही. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरसॉल्ट’ या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्यांचा सरासरी दाब ९५/६१ च्या आसपास आढळला, आणि वयाबरोबर तो वाढलेलाही नव्हता. हे लोक सडपातळ असतात व वरून मीठ जवळजवळ घेतच नाहीत. त्याच वर्षी इटलीतून आणखी एक अभ्यास पुढे आला. मठात मौनाने राहणाऱ्या साध्वी आणि त्याच भागातील संसारी स्त्रिया यांचा वीस वर्षे मागोवा घेतला असता, संसारी स्त्रियांचा दाब वाढत गेला व साध्वींचा जवळपास होता तेथेच राहिला. यातील विलक्षण बाब अशी की, वजन आणि मीठ यांत दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. म्हणजे सारा दोष वजनावर ढकलणेही न्याय्य नाही. मनःशांतीला आणि आनुवंशिकतेला आपापला वाटा आहे. परंतु मठ सर्वांच्या वाट्याला येत नाही आणि आई-वडील निवडता येत नाहीत. वजन मात्र थोडेफार हाती असते.

वजन वाढले की वाढलेल्या देहाला रक्त पुरवण्यासाठी हृदयाला अधिक श्रम पडतात, हे कोणालाही समजते. त्याहून महत्त्वाचा भाग मूत्रपिंडांचा आहे. पोटातील चरबी त्यांच्यावर भार टाकते, मज्जासंस्था उत्तेजित ठेवते, आणि मूत्रपिंडे मीठ बाहेर टाकण्याऐवजी शरीरात धरून ठेवू लागतात. उलट दिशेचा हिशेब उत्साह वाढवणारा आहे. अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासानुसार एक किलो वजन घटले की दाब सरासरी एक मिलिमीटरने उतरतो. पाच किलो घटवणाऱ्याला हा लाभ कोणत्याही गोळीशिवाय मिळतो.

‘पण वजन तर बेताचेच आहे’ असे म्हणणाऱ्यांसाठी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे उदाहरण बोलके आहे. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००४ साली त्यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्यासमवेत स्वतःचे छायाचित्र छापले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय किडकिडीत आणि पोट मात्र पुढे, अशी ठेवण आपल्याकडे घरोघरी दिसते. वजनकाट्यापेक्षा मोजपट्टी अधिक खरे बोलते, ते यामुळेच. पुरुषांचा कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांचा ८० च्या पुढे गेला, तर काटा काहीही सांगो, सावध झालेले बरे.

लखनौत सावध राहणे सोपे नाही, हेही मान्य केले पाहिजे. हिवाळ्याच्या पहाटे चौकातील गोल दरवाजापाशी मिळणारी मक्खन मलाई किंवा न्याहारीची खस्ता कचोरी नाकारणे हा या शहराचा अपमानच ठरावा. मराठी घरात त्यावर लोणचे, पापड आणि सांडगे यांची भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला सुचवलेले मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक चमचा आहे. डाव्या बाजूच्या पदार्थांतच त्यातील किती संपते, हे गृहिणींनी एकदा मोजून पाहावे. मलाई वर्षातून चार वेळा खाल्ली तर बिघडत नाही. रोजच्या ताटातील मिठाची रक्कम मात्र चक्रवाढीने वाढते.

आता उतारवयात दाब उतरवून काय साधते, हा प्रश्न उरतो. १९९१ साली ‘शेप’ या अमेरिकी चाचणीत साठीपुढील ज्या रुग्णांचा केवळ वरचा आकडा वाढलेला होता, त्यांना औषध दिल्यावर पक्षाघाताचे प्रमाण ३६ टक्क्यांनी घटले. २००८ च्या ‘हायव्हेट’ चाचणीत तर ऐंशीपुढील रुग्णांचेही आयुष्य उपचारांनी वाढले. अर्थात अतिवृद्धांना उभे राहताच चक्कर येत असेल, तर दाब किती उतरवावा याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. आकडा ठीक आला म्हणून स्वतःहून गोळी बंद करणे हीदेखील तितकीच घातक चूक आहे. तो आकडा गोळीमुळेच ठीक आलेला असतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार पंधरा वर्षांवरील पुरुषांपैकी २४ टक्के आणि स्त्रियांपैकी २१ टक्के व्यक्तींना उच्च रक्तदाब आहे. यांपैकी अनेकांना त्याची कल्पनाच नसते, कारण हा विकार दुखत नाही. म्हणून एक सूचना करावीशी वाटते. नोव्हेंबरात प्रत्येक शाखेने जवळच्या दवाखान्याच्या मदतीने दाब मोजण्याचे एक टेबल मांडावे. त्यासाठी बाहीवरून नव्हे तर उघड्या दंडाला, दंडाच्या मापाचा पट्टा बांधावा. स्थूल दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा फुगतो. हात हृदयाच्या पातळीवर आणि पाठ टेकलेली असावी. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसणे आवश्यक असते. हयातीच्या दाखल्याच्या रांगेत तेवढा वेळ प्रत्येकाला मिळतोच.