श्याम कोणता?
वाचलेलं उमगायला जड जाणाऱ्या मुलांसाठी पुस्तक सोपं करायचं म्हटलं, की आपण आधी कात्री काढतो. वाक्यं तोडतो, ‘म्हणून’, ‘कारण’ गाळतो आणि गोष्ट उलट अवघड करून ठेवतो. साने गुरुजींचं ‘श्यामची आई’ घ्या. आश्रमात रात्री मोठा श्याम लहानपण सांगतो. ‘मी’ म्हणजे कोणता श्याम, इथेच मूल अडखळतं. तिथे ‘तेव्हा श्याम लहान होता’ हे वाक्य वाढवावंच लागतं. ‘तो’ऐवजी पुन्हा नाव, चित्रात मजकुरातलीच घटना. स्वीडनमध्ये १९६८पासून अशी सुलभ पुस्तकं निघताहेत. आपण अजून संक्षिप्त आवृत्तीवर खूश! पायाला माती लागू नये म्हणून श्याम हट्ट धरतो, तो प्रसंग मात्र कुणी सोपा करू नये. कारण त्याचं तात्पर्य गुरुजींनीच आईच्या तोंडी घातलंय.