दणका आणि नेम

शस्त्राचे सामर्थ्य त्याच्या दणक्यावरून जोखण्याची खोड जुनी आहे. जे आपल्या हाताला अधिक हादरवते ते समोरच्यालाही अधिक हादरवणार, असा सरळ हिशेब त्यामागे असतो. हा हिशेब किती फसवा आहे, याचा धडा अमेरिकेच्या एफ.बी.आय. या तपास यंत्रणेने सुमारे तीस वर्षे खर्चून घेतला. पोलिसांच्या पिस्तुलासाठी कोणते काडतूस निवडावे, हा प्रश्न वरवर निव्वळ तांत्रिक वाटेल. परंतु चुकलेली गोळी हवेत विरून जात नाही. ती रस्त्यावरच्या एखाद्या निरपराध माणसाला लागू शकते. म्हणूनच हा नागरिकांचाही प्रश्न आहे.

११ एप्रिल १९८६ रोजी मायामी येथे दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफ.बी.आय.चे दोन अधिकारी ठार झाले व पाच जखमी झाले. दरोडेखोरही मारले गेले. परंतु त्यांपैकी एकाच्या दंडातून छातीत शिरलेली ९ मि.मी.ची गोळी हृदयाच्या अलीकडेच थांबली, आणि त्यानंतरही तो लढत राहिला. त्याच्या हाती रायफल होती, अधिकाऱ्यांकडे मुख्यतः रिव्हॉल्व्हर व पिस्तुले. तरीही दोषाचे खापर प्रामुख्याने काडतुसावर फुटले. मग १० मि.मी.चे जबर काडतूस आले. ते अनेकांच्या हाताला पेलेना, तेव्हा त्यातील दारू कमी करण्यात आली. त्याच सौम्य मात्रेवर बेतलेले ‘पॉइंट ४०’ हे आखूड काडतूस १९९० साली स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर या कंपन्यांनी बाजारात आणले. ते अमेरिकेतील पोलिस दलांत झपाट्याने पसरले. आणि २०१४ साली एफ.बी.आय.च्याच प्रशिक्षण विभागाने ९ मि.मी.कडे परतण्याची शिफारस केली!

असे का व्हावे? उत्तर शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. गोळीचे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकाराएवढा संवेग ती पुढे नेते. तेवढाच पिस्तुलाला मागे मिळतो. ‘पॉइंट ४०’ची गोळी साधारणतः ११.७ ग्रॅमची, वेग सेकंदाला सुमारे ३०० मीटर. ९ मि.मी.ची हलकी गोळी साडेसात ग्रॅमची, वेग सुमारे ३६० मीटर. गुणाकार करून पाहावा. दुसरीचा संवेग जवळजवळ एक चतुर्थांशाने कमी भरतो. धक्का कमी म्हणजे नळी कमी उसळते, नेम लवकर जागेवर येतो आणि दुसरा बार वेळेत व ठिकाणावर जातो. शिवाय धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच हात आखडण्याची सवय जडत नाही. प्रत्यक्ष चकमकीत झाडलेल्या दर १०० गोळ्यांपैकी ७० ते ८० चुकतात, असे प्रशिक्षण विभागाच्या त्याच टिपणात नमूद होते. ज्या गोळीचा नेमच लागत नाही, तिच्या जोराचे कौतुक कशाला?

क्रीडाक्षेत्राने हे केव्हाच ओळखले होते. २५ मीटर रॅपिड फायर स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्यात चार सेकंदांत पाच लक्ष्यांवर पाच गोळ्या झाडाव्या लागतात. तेथे २००४ पर्यंत ‘पॉइंट २२ शॉर्ट’ हे अगदी सौम्य काडतूस प्रचलित होते, ते याच कारणासाठी.

अर्थात, सौम्य म्हणजे फुसके नव्हे. काडतूस फारच मवाळ असेल तर स्वयंचलित पिस्तुलाची स्लाइड पुरती मागे सरत नाही आणि शस्त्र ऐन वेळी अडते. गोळीने पुरेसे खोल शिरलेही पाहिजे, एफ.बी.आय.ची कसोटी किमान १२ इंचांची आहे. १९८६ मधील तक्रार म्हणूनच अगदी निराधार नव्हती. गोळ्यांची रचना पुढे सुधारली, आणि ९ मि.मी.चे काडतूस या कसोटीला उतरू लागले, तेव्हाच परतण्याचा मार्ग मोकळा झाला. तात्पर्य, पुरेसे सामर्थ्य पाहावे आणि त्यानंतर हाताला पेलेल तेच निवडावे.

आपल्याकडे पोलिस व सैन्यदलांच्या हाती ९ मि.मी.ची पिस्तुले आहेतच; तेव्हा काडतुसाचा वाद आपल्यापुरता बव्हंशी मिटलेला आहे. परंतु काडतूस सौम्य असले तरी हात आपोआप तयार होत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळवले, त्यामागे सरावाच्या अगणित गोळ्या होत्या. रस्त्यावर, गर्दीत, जिवावर उदार झालेल्या गुन्हेगारासमोर उभ्या राहणाऱ्या शिपायाला त्याचा अल्प अंश तरी मिळावयास नको काय? नव्या शस्त्रांच्या खरेदीचे आकडे जाहीर होतात, त्यांची छायाचित्रे झळकतात. प्रत्येक शिपायाने वर्षभरात सरावासाठी किती गोळ्या झाडल्या, हाही आकडा त्यांच्या शेजारी छापला जावा. शस्त्रागाराची खरी मोजदाद तेथे होते.