साळावलीच्या काठावरचे तंबू आणि आपल्या होड्या



मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरतं आणि कुर्डी गाव वर येतं. जुन्या वाटा, पडक्या भिंती, सोमेश्वराचं देऊळ. वाडें आणि वालकिणीला वसवलेली कुर्डीकर मंडळी आपल्या देवाला येतात, तो त्यांचा हक्कच आहे. पण हल्ली पाठीवर सॅक टाकून, काठाकाठानं चालत फिरणारी आणि रात्री तंबू ठोकणारी मंडळीही वाढली आहेत. त्यांना हाकलून लावा, असं आपल्यातले काहीजण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही.

अडचण खरी आहे, नाही असं नाही. आपण तिन्हीसांजेला जाळी टाकतो आणि पहाटे उचलतो. रात्री मासळी उथळ पाण्यात चरायला येते, आणि नेमकं तिथंच यांचं पोहणं, बॅटऱ्या, गाणी. जाळ्याला बांधलेली रिकामी बाटली त्यांना कचरा वाटते, म्हणून ओढून काढतात. आपल्या एका सभासदाचं जाळं असंच फाटलं. वर काठावर फुटलेल्या काचा. दक्षिण गोव्याचा मोठा भाग हेच पाणी पितो, हे तरी ध्यानात ठेवायला हवं की नको?

पण मंडळी, बोट आपल्याकडेही वळतं. पलीकडच्या काठावर रात्री त्यांना नेऊन सोडतं कोण? आपलेच होडीमालक. एका फेरीला मिळतात ते पैसे कधीकधी रात्रभराच्या मासळीपेक्षा जास्त असतात, हे आम्हालाही कळतं. कटला-रोहू रोज थोडीच मिळतात! तरी दोघांच्या होडीत पाचजण, अंगावर लाइफ जॅकेट नाही, मेच्या अखेरीस अचानक सुटणारं वारं, आणि पाण्याखाली झाडांची खोडं. कुठं कुणाची बांय होती ते आपल्या म्हाताऱ्यांना ठाऊक, पाहुण्यांना नाही. वरून सुकलेला गाळ पाय ठेवला की गुडघाभर आत जातो.

एखादा बुडाला तर शोधायला आपल्यालाच बोलावतील. मागाहून बंदी येईल ती सरसकट, आणि पहिली बाहेर निघतील ती आपली जाळी. पावसाळ्यात धबधबे आणि खाणींच्या पाण्यात उतरायला जिल्हाधिकारी बंदी घालतात, ते काय उगीच?

म्हणून आमचं म्हणणं असं. अंधार पडल्यावर माणसांची फेरी नाही, कितीही पैसे देवोत. दिवसा न्यायचं तर जॅकेट घालून, आणि होडी झेपेल तेवढीच माणसं. जाळ्याच्या बाटल्यांना लाल रंग द्या आणि काठावर दिसेल त्याला दोन शब्दांत सांगा. बहुतेक पोरं ऐकतात, आमचा अनुभव आहे. नेत्रावळी अभयारण्याच्या बाजूला वनखात्याच्या परवानगीशिवाय कुणाला सोडू नका. चूल तर तिथं नकोच. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या जंगलाला लागलेल्या आगी विसरलो नाही ना?

येत्या रविवारी संध्याकाळी संस्थेत बैठक आहे. होडीमालकांनी स्वतः यावं, पोराला पाठवू नये. रात्रीच्या फेऱ्या कोण मारतं ते आम्हाला माहीत आहे, नावं इथं लिहीत नाही.