राजीनाम्यावर सही करण्यापूर्वी...

प्लेसमेंटचा सीझन आला की होस्टेलमध्ये एकच शब्द घुमतो : पॅकेज! कुणाला किती लागलं, बॉण्ड किती वर्षांचा, ट्रेनिंग कुठे, सगळी चौकशी होते. पण ही नोकरी गेली तर पुढे काय, हे कुणी विचारत नाही. विचारलंच, तर "शुभ बोल रे नाऱ्या" म्हणून गप्प करतात. जुलै 2025 मध्ये टीसीएसने 2 टक्के, म्हणजे 12 हजारांवर माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा मेसमध्ये दोन दिवस चर्चा झाली. तिसऱ्या दिवशी सगळे परत ॲप्टिट्यूडच्या पुस्तकात!

माझं गाव माहूर. रेणुकामातेचा गड, दत्तशिखर, पायथ्याची ओटी-नारळाची दुकानं, यावर आमचं गाव चालतं. आयटीआय झालेली मुलं पुण्याकडे जातात, चाकण नाहीतर रांजणगाव. माझा चुलतभाऊही गेला. तीन वर्षं एका कंपनीत होता, पगार 16 हजार. एक दिवस एचआरने आठ-दहा जणांना बोलावलं आणि छापील कागद पुढे ठेवला : "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." सही केलीस तर रिलीव्हिंग लेटर चांगलं मिळेल, नाही केलीस तर बघ, असं सांगितलं. दादाने सही केली. नवरात्रात गडावर भेटणाऱ्या प्रत्येकाने विचारलं, "सुट्टीवर आलास का?" दादा म्हणायचा, "हो."

त्या एका सहीने काय गेलं, याचा हिशोब मांडून बघू. कंपनीने कामगाराला स्वतःहून कमी केलं तर त्याला कायद्यात कपात म्हणतात. अशा वेळी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा पगार द्यावा लागतो. हे 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. दादाचे तीन वर्षांचे 45 दिवस झाले असते, वर नोटीसचा महिना. पण राजीनामा दिला म्हणजे कपात झालीच नाही!

दुसरं, दादाच्या पगारातून दर महिन्याला ईएसआयचे 120 रुपये कापले जायचे. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. आपल्याला वाटतं हे फक्त दवाखान्याचे पैसे. पण त्यातच बेकारी भत्ताही आहे. कर्मचारी राज्य विमा महामंडळाने 2005 साली राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आणली. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर तिच्यातून भत्ता मिळतो. 2018 साली अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तिच्यात आधी सरासरी रोजच्या पगाराच्या 25 टक्के मिळायचे, कोरोनात 2020 साली ते 50 टक्के केले, जास्तीत जास्त 90 दिवस. 16 हजार पगारवाल्याचे 90 दिवसांचे साधारण 24 हजार होतात. माहूरला एका घराचं तीन महिने भागतं एवढ्यात!

अट अशी की किमान दोन वर्षं विमा असावा आणि ठरलेल्या सहामाहींत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी. गैरवर्तनामुळे काढलं असेल, वय होऊन निवृत्ती असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती असेल, तर भत्ता नाही. आता दादाचा कागद आठवा. तो स्वतःच्या मर्जीने सोडतोय असंच त्यावर लिहिलेलं. दादाने अर्ज केलाच नाही. "माझीच सही आहे, कोण देणार?" म्हणाला. मला वाटतं, कागदापेक्षा जास्त त्याला लाज आडवी आली.

ही लाज कशाची? आमच्या आजीच्या पिढीने 1972 च्या दुष्काळात खडी फोडली. त्यातून महाराष्ट्राने 1977 साली रोजगार हमीचा कायदा केला. काम मागितलं आणि 15 दिवसांत मिळालं नाही, तर बेकारी भत्ता, असं त्यात लिहिलं. म्हणजे आपल्या राज्याने ही भीक नाही, हक्क आहे, असं तेव्हाच मान्य केलं होतं. ईएसआयमध्ये तर आपली स्वतःची वर्गणी असते. विम्याचा क्लेम करताना कुणी मान खाली घालतं का?

काही जण म्हणतात, फुकट पैसे मिळाले की पोरं ऐदी होतील. आयुष्यात फक्त 90 दिवस, तेही अर्धा पगार, यावर कोण ऐदी होणार? जर्मनीत निव्वळ पगाराच्या 60 टक्के, मूल असेल तर 67 टक्के मिळतात, तो देश काही झोपलेला नाही.

आता आपलं बघा. ईएसआयची पगाराची मर्यादा 2017 साली 21 हजार झाली. आपल्या कॅम्पसमध्ये ज्याला साडेतीन लाखांचं पॅकेज लागतं, तो महिना 29 हजारांवर जातो, म्हणजे या योजनेच्या बाहेर. आयटीआयवाल्या दादाला निदान कागदावर भत्ता होता, आपण इंजिनिअर होऊन तोही नाही! पीएफ काढून खाणं म्हणजे म्हातारपणाचे पैसे तरुणपणी संपवणं. मर्यादा वाढवा, ही मागणी आपणही करायला हवी.

तोपर्यंत एवढं करू या. पगाराची स्लिप दर महिन्याला जपून ठेवायची. ईएसआय कापत असतील तर विमा नंबर, आधार आणि बँक खातं जोडलंय का बघायचं. नोकरी गेली तर 30 दिवसांनी अर्ज करता येतो, ऑनलाइन, मालकाच्या पाया न पडता. मात्र ही योजना मुदतवाढीवर चालते, म्हणून शाखेत चौकशी करूनच अर्ज करायचा. आणि कुणी छापील राजीनामा पुढे केला, तर म्हणायचं, "कपात करताय ना? मग तसं लेखी द्या."

ट्रेनिंग अँड प्लेसमेंटच्या सरांना एक विनंती. रेझ्युमे कसा लिहायचा यावर दोन दिवस वर्कशॉप घेता, तर नोकरी जाताना कोणत्या कागदावर सही करायची नाही यावर एक तास घ्या. माहूरहून, किनवटहून, हदगावहून आलेल्या आमच्यासारख्यांच्या घरी हे सांगणारं कुणी नसतं.